भिंतीपलीकडचा व्होल्ट

भट्टीत बसवलेलं के-टाइप थर्मोकपल एका अंश सेल्सिअसमागे जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतं. त्याच भट्टीचं अर्थिंग आणि कंट्रोल रूममधल्या पॅनेलचं अर्थिंग यांच्यात, शेजारची मोठी मोटर सुरू होताना, एखाद्या व्होल्टचा फरक पडणं यात कारखान्यात कुणाला नवल वाटत नाही. तो एक व्होल्ट मोजमापात थेट शिरला तर त्याचं तापमान होतं चोवीस हजार अंश. प्रत्यक्षात आकडा इतका भरकटत नाही, कारण समोरचा अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही तारांवर सारखाच आलेला व्होल्टेज बराचसा गाळून टाकतो. उरलेला मात्र आकड्यात मिसळतो, आणि ऑपरेटर सेन्सर बदलत बसतो. सेन्सर बिचारा ठीकच असतो. बिघडलेलं असतं ते दोन ग्राउंडमधलं नातं.

हे नातं तोडायचं आणि तरी सिग्नल जाऊ द्यायचा, हे आयसोलेशनचं काम. दोन सर्किटांमध्ये तांब्याचा कसलाही दुवा न ठेवता माहिती इकडून तिकडे न्यायची. माहिती 'चालू की बंद' एवढीच असेल तर स्वस्तातला ऑप्टोकपलरही ते निमूट करतो. अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये मधली प्रत्येक किंमत महत्त्वाची असते. अलीकडे ३.२७१ व्होल्ट असतील तर पलीकडे ३.२७१च दिसले पाहिजेत, आजही आणि पाच वर्षांनी भर मे महिन्यातही. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर, प्रकाश, कॅपॅसिटर, चुंबकीय क्षेत्र, फ्रिक्वेन्सी असं जे हाताशी होतं ते सगळं वापरून झालं आहे. या साऱ्याकडे एकत्र पाहिल्यावर माझं मत असं झालं, की सिग्नल भिंतीपार नेण्याचा प्रश्न आता बहुतांशी सुटला आहे. डिझाइन करणाऱ्याचा घाम काढतात ते दुसरेच दोन प्रश्न: चूक साखळीत नेमकी कुठे होऊ द्यायची, आणि पलीकडच्या सर्किटला वीज कुठून द्यायची.

भिंत हवी कशाला, याची उत्तरं जागेनुसार बदलतात. कारखान्यात ती मोजमापाच्या खरेपणासाठी असते. मोटर ड्राइव्हमध्ये कंट्रोलर जळू नये म्हणून असते. रुग्णालयात ती माणसाच्या जिवासाठी असते. ईसीजीचा सिग्नल एका मिलिव्होल्टच्या आसपास, आणि ज्या इलेक्ट्रोडचा हृदयाशी थेट संबंध येतो त्यातून, आयईसी ६०६०१-१ या मानकाप्रमाणे, नेहमीच्या स्थितीत १० मायक्रोअ‍ॅम्पिअरपेक्षा जास्त गळती चालत नाही. शिवाय त्याच रुग्णाला डिफिब्रिलेटरचा झटका द्यायची वेळ आली तर तो यंत्राने सोसला पाहिजे.

कधीकधी भिंत लागतच नाही, आणि हे आधी विचारून घेतलेलं बरं. एडी६२९सारखा डिफरन्स अ‍ॅम्प्लिफायर २७० व्होल्टपर्यंतचा कॉमन-मोड, म्हणजे दोन्ही तारांवर सारखाच आलेला, व्होल्टेज सहन करतो. बॅटरी पॅकमधल्या एखाद्या सेलचा व्होल्टेज पाहायला तो पुरतो. स्वस्त, वेगवान आणि पलीकडे वेगळी वीज नको. पण त्याच्या आत असतात ते फक्त मोठे रेझिस्टर. तांब्याचा दुवा कायमच राहतो आणि थोडा करंट वाहतच राहतो. घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनचं शिखर ३२५ व्होल्टवर जातं, म्हणजे तो तिथे बादच. 'हाय व्होल्टेज' लिहिलेला भाग आयसोलेटेड असतोच, या समजुतीने बरेच बोर्ड जळले आहेत.

सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत शांतपणे काम करणारी वाट ट्रान्सफॉर्मरची. गावाबाहेरच्या कुठल्याही सबस्टेशनात सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) आणि पीटी (पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर) असतात, ती अ‍ॅनालॉग आयसोलेशनचीच यंत्रं. पीटी ११ किलोव्होल्टचे ११० व्होल्ट करून मीटरला देतो, सीटी शेकडो अ‍ॅम्पिअरचे ५ करतो. त्यांना बाहेरून वीज लागत नाही, आणि त्यांचा तोल वर्षानुवर्षं ढळत नाही. सीटीचं एक पथ्य मात्र कडक: करंट वाहत असताना त्याचं सेकंडरी उघडं ठेवायचं नाही, नाहीतर तिथे जीवघेणा व्होल्टेज चढतो.

आवाजाच्या दुनियेतही हाच उपाय. नाटकाच्या प्रयोगाला स्टेजवरचा लॅपटॉप एका सॉकेटवर आणि प्रेक्षागृहामागचा मिक्सर दुसऱ्याच फेजवर असला, की स्पीकरमधून ५० हर्ट्झची घरघर सुरू होते. साउंडवाले त्याला हमिंग म्हणतात. घाईत कुणीतरी प्लगची अर्थ पिन काढून टाकतं. घरघर थांबते, आणि त्या क्षणापासून यंत्राचं धातूचं अंग बेभरवशाचं होतं. योग्य उपाय म्हणजे मध्ये एक १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मर. त्याची मर्यादा एकच, पण मोठी. तो डीसी नेत नाही, आणि खालच्या फ्रिक्वेन्सीला जोर दिला की कोअर भरून जाऊन आवाज फाटतो.

थर्मोकपल किंवा प्रेशर ट्रान्समीटरचा सिग्नल जवळजवळ डीसीच असतो, म्हणून पुढची युक्ती निघाली: सिग्नल आधी एका वेगवान लहरीवर चढवायचा, ती लहर ट्रान्सफॉर्मरमधून न्यायची, पलीकडे उतरवून घ्यायचा. अ‍ॅनालॉग डिव्हायसेसच्या एडी२१० या मॉड्यूलने हे एका चौकोनी डबीत बसवलं. २,५०० व्होल्टची भिंत, २० किलोहर्ट्झ बँडविड्थ, आणि एकाच १५ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालून सिग्नलच्या बाजूला अधिक-उणे १५ व्होल्टचा छोटा पुरवठाही तेच करतं. ही शेवटची सोय तेव्हा किरकोळ वाटली असेल. तिची खरी किंमत पुढे येईल. बर-ब्राउनच्या आयएसओ१२२ने ट्रान्सफॉर्मरऐवजी दोन अगदी छोटे कॅपॅसिटर वापरले आणि ५०० किलोहर्ट्झच्या पल्सच्या रुंदीत सिग्नल भरला. चिप साधी आयसीसारखी, बँडविड्थ ५० किलोहर्ट्झ. बदल्यात आउटपुटवर त्याच ५०० किलोहर्ट्झची साधारण २० मिलिव्होल्टची कुरकुर येते, ती फिल्टर लावून काढायची, आणि दोन्ही बाजूंचा पुरवठा आपणच द्यायचा.

प्रकाशाची वाट सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत गैरसमजांची. साध्या ऑप्टोकपलरमध्ये एक एलईडी आणि एक फोटोट्रान्झिस्टर. एलईडीत एक मिलिअ‍ॅम्पिअर घातला तर पलीकडे किती निघेल, या गुणोत्तराला सीटीआर म्हणतात. पीसी८१७च्या डेटाशीटमध्ये हे गुणोत्तर ५० ते ६०० टक्के लिहिलेलं आहे. म्हणजे एकाच नावाच्या दोन चिपमध्ये बारापट फरक असू शकतो. त्यावर तापमानाने ते बदलतं, करंटनुसार बदलतं, आणि एलईडी जुना होत जातो तसं घसरत जातं. अशा भागातून अ‍ॅनालॉग सिग्नल सरळ पाठवून पलीकडे पोटेन्शिओमीटरने 'कॅलिब्रेट' करणारी सर्किटं विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये हमखास दिसतात. परीक्षेच्या दिवशी ती चालतात.

आणि तरीही हाच ढिसाळ पीसी८१७ जगातल्या कोट्यवधी चार्जरमध्ये एक अ‍ॅनालॉग सिग्नल भिंतीपार नेत बसलेला आहे, कुणाची तक्रार नाही. या विषयातला मला सर्वांत आवडणारा धडा तो हाच. चार्जरच्या आउटपुटच्या बाजूला टीएल४३१ नावाची तीन पायांची चिप असते. तिच्या पोटात अडीच व्होल्टचा पक्का संदर्भ असतो. आउटपुट ५ व्होल्टपासून जरा सरकलं, की ती ऑप्टोकपलरच्या एलईडीतला करंट वाढवते किंवा कमी करते. पलीकडची प्रायमरी बाजू त्यानुसार ताकद बदलते. तुलना भिंतीच्या अलीकडेच, संदर्भाशेजारी होऊन जाते. भिंतीपार जाते ती फक्त 'थोडं वाढव, थोडं कमी कर' ही सूचना. सीटीआर निम्मा झाला तरी टीएल४३१ दुप्पट जोर लावून आउटपुट ५ व्होल्टवरच आणते. लूपची गती बदलते, आणि लूप डोलायला लागू नये एवढा हिशेब डिझाइनमध्ये धरावा लागतो. अचूकता मात्र जागची हलत नाही. चूक होणारच असेल तर ती फीडबॅकच्या आत होऊ द्यावी.

मोजमापाच्या सर्किटात असा लूप आपोआप मिळत नाही, म्हणून तो मुद्दाम तयार केला गेला. आयएल३००, एलओसी११०, एचसीएनआर२०१ या 'लिनिअर' ऑप्टोकपलरमध्ये एका एलईडीसमोर दोन फोटोडायोड असतात, एक अलीकडे आणि एक पलीकडे. अलीकडच्या डायोडवर किती प्रकाश पडतो हे पाहत ऑप-अ‍ॅम्प एलईडीचा करंट असा राखतो, की त्या डायोडचा करंट इनपुटच्या तंतोतंत प्रमाणात राहील. पलीकडच्या डायोडलाही तोच प्रकाश मिळतो. एकाच तव्यावरच्या दोन भाकऱ्या. तवा तापला-निवला तरी दोघींवर परिणाम सारखाच. एलईडी म्हातारा झाला की ऑप-अ‍ॅम्प त्याला जास्त करंट देतो आणि पलीकडे काही कळत नाही. सरळ रेषेपासूनचं विचलन एचसीएनआर२०१मध्ये साधारण ०.०१ टक्का. दोन डायोडचं आपसातलं प्रमाण मात्र पाच टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकतं, म्हणून एकदा गेन जुळवावा लागतो. तो जुळवला की टिकतो, हा साध्या ऑप्टोकपलरपेक्षा मोठा फरक.

हे सर्किट कागदावर चार रेझिस्टर आणि दोन ऑप-अ‍ॅम्पचं दिसतं. बेंचवर ते अनेकदा ओरडतं. फोटोडायोडची कपॅसिटन्स आणि ऑप-अ‍ॅम्पचा स्वतःचा उशीर मिळून लूप ऑसिलेट होतो, आणि फीडबॅकमध्ये काही पिकोफॅरडचा कॅपॅसिटर टाकल्याशिवाय शांत होत नाही. शिवाय एलईडी उजेड देतो, ओढून घेत नाही. म्हणून सिग्नल अधिक-उणे दोन्हीकडे जात असेल तर त्याला आधी ऑफसेट देऊन वर उचलावं लागतं, आणि त्या ऑफसेटची चूक मग सिग्नलमध्ये मिसळते. ०.१ टक्क्याच्या आसपास अचूकता हवी, वेग शंभर किलोहर्ट्झच्या घरात हवा आणि पलीकडे मायक्रोकंट्रोलर नको असेल, तर आजही मी हेच निवडेन.

करंट मोजायचा असेल तर चुंबकीय क्षेत्राला मध्यस्थ करता येतं. एडविन हॉलचा परिणाम १८७९चा. आज एसीएस७१२ ही चिप त्याच्या जोरावर प्रत्येक हौशी माणसाच्या टेबलावर आहे. करंट तांब्याच्या जाड वाटेने जातो, शेजारची हॉल पट्टी त्याचं क्षेत्र वाचते; भिंत २.१ किलोव्होल्टची. घरातली वीज मोजायला ३० अ‍ॅम्पिअरची चिप घेणारे एक गोष्ट विसरतात. तिचं उत्तर एका अ‍ॅम्पिअरला ६६ मिलिव्होल्ट. ५ व्होल्टच्या दहा बिटी एडीसीची (अ‍ॅनालॉगचा आकडा करणाऱ्या चिपची) एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्ट. म्हणजे एक पायरी ७४ मिलिअ‍ॅम्पिअरची. ९ वॅटचा एलईडी बल्ब जेमतेम ४० मिलिअ‍ॅम्पिअर घेतो. तो दिव्यासारखा दिवा असून आकड्यात दिसत नाही. जिनिव्हाच्या एलईएम कंपनीने लोकप्रिय केलेले क्लोज्ड-लूप सेन्सर हॉल पट्टीचा स्वतःचा दोष बराच घालवतात. तिथेही युक्ती तीच: कोअरमधलं क्षेत्र उलट्या करंटने शून्यावर आणायचं आणि तो उलटा करंट मोजायचा, म्हणजे हॉल पट्टीची चूक लूपमध्ये विरते.

व्होल्टेजचं फ्रिक्वेन्सीत रूपांतर करून ती पल्समाला साध्या ऑप्टोकपलरमधून पाठवण्याची पद्धत एलएम३३१ने घराघरांत नेली. पल्सची उंची कितीही बिघडो, मोजायची ती संख्या. हळू बदलणाऱ्या सिग्नलला ती अजूनही उत्तम आहे, फक्त मोजायला वेळ लागतो.

त्या कल्पनेचा वेगवान वारस म्हणजे सिग्मा-डेल्टा मॉड्युलेटर. पुण्याच्या आसपास इलेक्ट्रिक वाहनांचे कंट्रोलर बनवणाऱ्यांच्या बोर्डवर आज तो सापडतो. मोटरच्या फेजमध्ये एखादा मिलिओहमचा शंट, त्यावरचे अधिक-उणे २०० मिलिव्होल्ट एडी७४०१सारखी चिप सेकंदाला दोन कोटी एकेरी बिटांच्या धारेत बदलते. सिग्नल मोठा तर धारेत एक जास्त, लहान तर शून्य जास्त. ही धार भिंतीपार जाते आणि पलीकडचा डिजिटल फिल्टर तिची सरासरी काढतो. २५६ बिटांमागे एक आकडा काढला तर सेकंदाला ७८ हजार आकडे मिळतात. जास्त अचूक हवं तर जास्त बिट मोजायचे, पटकन हवं तर कमी. शॉर्टसर्किट ओळखायला तीच धार दुसऱ्या, घाईच्या फिल्टरलाही देता येते. भिंतीवर जे काही बिघडायचं ते बिटाच्या आकारात बिघडतं आणि बिट ओळखू येतो तोवर मोजमापाला धक्का लागत नाही.

मग पुढचं पाऊल उघड आहे: पूर्ण एडीसीच सेन्सरच्या बाजूला ठेवायचा आणि डिजिटल आयसोलेटरमधून आकडे आणायचे. नव्या डिझाइनमध्ये दहापैकी सात-आठ वेळा मी हाच सल्ला देईन. अ‍ॅनालॉग आयसोलेटर विकत घेऊन त्याच्यापुढे एडीसी लावणं म्हणजे भिंतीची चूक स्वतःहून ओढवून घेणं. उरतात ते अपवाद: पॉवर सप्लायचा फीडबॅक, आवाज, जुन्या पॅनेलमध्ये ४-२० मिलिअ‍ॅम्पिअरची लूप तोडायला लावलेले सिग्नल आयसोलेटर, आणि जिथे कुणालाच सॉफ्टवेअर तपासून प्रमाणित करून घ्यायचं नाही अशा सुरक्षा साखळ्या. पीएलसीचं (कारखान्यातल्या कंट्रोलरचं) अ‍ॅनालॉग कार्ड घेताना मात्र 'आयसोलेटेड' हा शब्द नीट वाचावा. पुष्कळ कार्डांत भिंत असते ती सगळे चॅनल एकीकडे आणि पीएलसी दुसरीकडे अशी; चॅनल आपसात जोडलेलेच असतात. आठ थर्मोकपल आठ वेगवेगळ्या भट्ट्यांवर असतील तर सुरुवातीचा तो एक व्होल्ट तिथेच हजर होतो.

आता वीज. एडीसी पलीकडे नेला, की त्याला पलीकडे ३.३ किंवा ५ व्होल्ट लागतात, आणि ते छोट्या डीसी-डीसी मॉड्यूलमधून येतात. सिग्नलची भिंत कितीही पक्की बांधा, या मॉड्यूलच्या दोन गुंडाळ्यांमध्ये कॅपॅसिटन्स असतेच. ती २० पिकोफॅरड धरू. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला तिच्यातून दीड मायक्रोअ‍ॅम्पिअरहून कमी जातो. ईसीजीच्या १० मायक्रोअ‍ॅम्पिअरमध्ये हे बसतं. त्याऐवजी साधा मोबाइल चार्जर वापरला तर त्यातल्या २.२ नॅनोफॅरडच्या वाय-कॅपॅसिटरमधून दीडशे मायक्रोअ‍ॅम्पिअरपर्यंत जाऊ शकतो. धातूच्या लॅपटॉपवर बोट फिरवलं की झिणझिण्या येतात त्या याच्याच.

मोटर ड्राइव्हमध्ये चित्र आणखी बिघडतं. आपल्याकडचे ४१५ व्होल्ट तीन फेज रेक्टिफाय केले की डीसी बस होते ५८७ व्होल्टची, आणि सिलिकॉन कार्बाइडचा स्विच ती काही नॅनोसेकंदांत वर-खाली करतो. मायक्रोसेकंदाला ५० किलोव्होल्ट हा वेग धरला तर त्याच २० पिकोफॅरडमधून त्या क्षणी एक अख्खा अ‍ॅम्पिअर वाहतो. तो कंट्रोलरच्या ग्राउंडमधून परततो, आणि नेमका त्याच वेळी एडीसी नमुना घेत असतो. महागडा आयसोलेटर निवडून शेजारी मिळेल ते डीसी-डीसी मॉड्यूल ठोकण्याचा परिणाम हा. एडी२१०सारख्या जुन्या मॉड्यूलनी सिग्नल आणि वीज एकत्र का बांधली होती, ते इथे पटतं.

भिंतीची जाडी मोजण्यातही एक फसवी जागा आहे. डेटाशीटवर ठळक लिहिलेले '५,००० व्होल्ट' ही यूएल १५७७ची एका मिनिटाची कसोटी असते. रोज, वर्षानुवर्षं किती व्होल्टेज चालेल हा आकडा वेगळा आणि बराच खाली असतो. एचसीएनआर मालिकेत तो शिखराला १,४१४ व्होल्ट आहे. शिवाय चिप कितीही भक्कम असो, बोर्डवर तिच्या पायांमधलं अंतर धूळ आणि ओल मिळून भरून काढतात. कोकणातल्या पंप हाउसमधला बोर्ड जुलैत उघडून पाहावा. म्हणून चिपखालून पीसीबीत खाच कापतात, तिथे तांब्याची रेघ जाऊ देत नाहीत, आणि कोटिंग करतात. गंमत अशी, की हौशी बोर्डांवर अनेकदा आयसोलेटर असतो आणि त्याच्या पोटाखालून ग्राउंड प्लेन सरळ वाहत गेलेला असतो.

सिग्नल थेट काचेच्या तंतूतून नेला की अंतराचं बंधन सुटतं. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण. दूरच्या अँटेना पंचवीसेक किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. तिथे रेडिओ सिग्नल अ‍ॅनालॉग रूपातच लेझरच्या प्रकाशावर चढवून ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत आणले जातात. हेतू लांबचं अंतर गाठण्याचा; दोन टोकांमधलं तांब्याचं नातं त्याबरोबर आपोआप तुटलं. टेक्ट्रॉनिक्सने २०१६ मध्ये आणलेला आयसोव्ह्यू प्रोब हेच टेबलावर करतो. ऑसिलोस्कोपची अर्थ पिन काढून हाफ-ब्रिजच्या वरच्या स्विचवर प्रोब लावण्याची जुनी, धोकादायक सवय त्याने अनावश्यक केली: एक गिगाहर्ट्झ बँडविड्थ, आणि १०० मेगाहर्ट्झलाही कॉमन-मोडचा दहालाखावा हिस्सा एवढाच आत. प्रोबच्या टोकाकडच्या सर्किटला वीज मात्र हवीच. पहिल्या पिढीत तीही लेझरने फायबरमधूनच पाठवली होती.

वीजच नको असा एक मार्ग उच्च दाबाच्या सबस्टेशनांत वापरात येतो आहे. फॅरेडेने १८४५ मध्ये दाखवलं, की चुंबकीय क्षेत्रात काचेतून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाचं प्रतल फिरतं. ऑप्टिकल सीटीमध्ये फायबरचे वेढे वाहकाभोवती घालतात आणि प्रतल किती फिरलं त्यावरून करंट काढतात. लाखो व्होल्टच्या बाजूला फक्त काच, इलेक्ट्रॉनिक्स सगळं खाली जमिनीवर. अडचण तापमानाची आणि ताणाची. काच वाकली किंवा तापली की तीही प्रकाशाची दशा थोडी बदलते, आणि तेवढा बदल करंटच्या बदलापासून वेगळा काढणं हे त्या यंत्रातलं सर्वांत नाजूक काम आहे.